आईंचा उजवा खांदा

त्या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई दिवसभर गाऊन घालून राहू लागल्या आणि मला त्यांची लाज वाटायला लागली.

तोवर मी त्यांना साडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. वर्ध्याजवळच्या एका गावात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं होतं. फिकट रंगाची सुती साडी, पिन लावून बसवलेला पदर, तेल लावून घट्ट घातलेला अंबाडा, असा त्यांचा वेष. सासरे लवकर गेले. आईंनी एकटीने मुलाला शिकवलं, तो केंद्र सरकारच्या नोकरीत लागला आणि दिल्लीला आला. आईंची निवृत्ती आणि आमच्या मुलीचा जन्म साधारण एकाच सुमारास झाला, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात ऊन. आजूबाजूला आमच्यासारखीच विदर्भ-मराठवाड्यातली चार-पाच बौद्ध कुटुंबं होती. आई तिथे चटकन रुळल्या. शेजारची मुलं त्यांच्याकडे पाढे म्हणायला येत.

तिथून हलायची घाई मला होती. मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला शिकले होते, पण दिल्लीत चांगलं काम मिळत नव्हतं. नव्वदच्या दशकात यमुनेपलीकडे नोएडात नवीन वसाहती उभ्या राहायला लागल्या, खासगी ऑफिसं आली आणि त्यांच्या मागोमाग खासगी दवाखाने आले. तशाच एका दवाखान्यात मला नोकरी लागली. ह्यांच्या खात्यातल्या लोकांनी मिळून तिथे एक सोसायटी बांधायला घेतली होती, त्यात आमचाही फ्लॅट होता. इमारत पुरी व्हायच्या आधीच आम्ही राहायला गेलो. तिसरा मजला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, त्याला फळ्या मारलेल्या. जिन्याला कठडा काही ठिकाणी होता, काही ठिकाणी फक्त उभ्या सळया. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फरशी दिसत होती, ओटा दिसत होता, हॉलची मोठी खिडकी दिसत होती. शेजारणी पंजाबी, बंगाली, तमिळ अधिकाऱ्यांच्या बायका होत्या. त्यांच्यासमोर आपण कमी पडू नये असं मला फार वाटायचं. का वाटायचं ते मला नीट माहीत होतं, पण ते मी कधी कोणाशी बोलले नाही.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवशीच सांगून टाकली होती. मुलीला घेऊन जिना उतरायचा नाही. मी घरी असेन तेव्हाच ती खाली जाईल. आई हो म्हणाल्या. पण एकदा सांगून माझं समाधान झालं नाही. दोन-चार दिवसांनी जेवताना ह्यांच्यासमोर मी पुन्हा म्हटलं, "आई, जिन्यावर पोरीला काही झालं तर मी तुम्हाला आयुष्यात माफ करणार नाही." ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आई वरण वाढत होत्या, त्या वाढत राहिल्या.

दवाखान्यात मी सकाळपासून खांदेच बघत असे. गुडघे आणि पाठीही यायच्या, पण त्या वस्तीतून खांदे फार यायचे. खांदा हा फार मोकळा सांधा आहे. मोकळा आहे म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि मोकळा आहे म्हणूनच तो लवकर बिघडतो. चार्टर्ड बसमध्ये वरचा दांडा धरून उभे असलेले बाबू यायचे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की अंग पुढे जायचं आणि हात मागे राहायचा. स्कूटरवरून पडताना हात टेकलेली तरुण मुलं यायची. नवी मारुती घेतलेल्या बायका पुढच्या सीटवर बसून, मागे न वळता, मागच्या सीटवरची जड पिशवी ओढायच्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यायच्या. छतं रंगवणारे मजूर यायचे, पण ते एकदाच. सगळ्यात अवघड ते, ज्यांनी दुखतंय म्हणून हात महिनोन्‌महिने पोटाशी धरून ठेवलेला असायचा. न हलवलेला खांदा आतून आवळत जातो. मग तो दुखायचा थांबतो, पण हलायचाही थांबतो.

बायकांना माझे पहिले प्रश्न ठरलेले असत. केस विंचरता येतात का? ब्लाउजच्या बाहीत हात जातो का? वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का? एवढ्यावरून मला निम्मं कळायचं. त्या हिवाळ्यात एका मोठ्या कोठीतल्या, म्हणजे बंगल्यातल्या, बाई रोज येत. नव्या क्लबात बॅडमिंटन खेळताना त्यांचा खांदा लचकला होता. त्यांच्यासाठी मी चाळीस-चाळीस मिनिटं द्यायची. शेक, मग हात धरून हळूहळू वर, मग खाली. त्या कुरकुरल्या तर मी थांबायची, गप्पा मारायची, पुन्हा सुरू करायची.

आणि घरी आई गाऊन घालून, केस मोकळे सोडून किंवा कसेबसे रबर लावून बसत. भाकरी करायच्या बंद झाल्या, ब्रेड यायला लागला. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले आणि ओट्याखाली जमिनीवर त्यांची रांग लागली. मला तो पसारा वाटला. मी एका रविवारी सगळे डबे पुसून परत वर ठेवले. आठवडाभरात ते पुन्हा खाली. मी पुन्हा वर ठेवले. मुलगी कडेवर घे म्हणून हात पसरायची आणि आई तिला शेजारी बसवून गोष्ट सांगायच्या. मी ह्यांना म्हटलं, आईंचं इथे मन लागत नाही, त्यांना आता पोरीचाही कंटाळा येतो. हे म्हणाले, वय झालं. एवढ्यावर आमचं बोलणं संपलं.

एकदा समोरच्या घरातल्या बाई चहाला आल्या होत्या. आई तशाच गाऊनमध्ये बाहेर येऊन बसल्या, डाव्या हाताने कप धरला आणि चहा सांडला. बाई गेल्यावर मी म्हटलं, "आई, निदान कोणी येणार असेल तेव्हा तरी साडी नेसत जा. केस विंचरत जा. लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "हो." मास्तरीणबाई होत्या त्या. वर्गाला धाकात ठेवलेली बाई. ती माझ्यासमोर नुसती 'हो' म्हणाली याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम दरवर्षी लक्ष्मीबाई नगरातल्या हॉलमध्ये असे. दिल्लीतली आमच्याकडची बरीच कुटुंबं जमत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेली मुलं-मुलीही यायची, घरचं जेवण मिळतं म्हणून आणि मराठी ऐकायला मिळतं म्हणून. आई यायला तयार नव्हत्या. मी हट्ट धरला. सगळे विचारतील, मी काय सांगू, असं म्हटलं. त्यांची पांढरी साडी मीच इस्त्री करून ठेवली. त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी दोनदा दार वाजवलं. शेवटी त्या बाहेर आल्या तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून शालीसारखा गुंडाळलेला होता. मे महिन्यातली दिल्ली, अंगाची लाही होत होती. मी म्हटलं, इतक्या उकाड्यात हे काय. त्या म्हणाल्या, असू दे.

हॉलमध्ये सगळ्यांना त्यांना पाहून आनंद झाला. वंदना सुरू व्हायच्या आधी एक वयस्कर गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, मूर्तीला हार मॅडमच्या हातून घालू या. टेबलावर टेबल चढवून मूर्ती उंचावर ठेवली होती. आईंनी हार डाव्या हातात घेतला, एका हातानेच तो वर न्यायला बघितलं. हार मूर्तीच्या कानाला अडकला, निसटला आणि खाली पडला. झेंडूची फुलं फरशीवर पसरली. मी मागेच उभी होते. मी पुढे वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "दोन्ही हातांनी घाला ना. सगळे बघताहेत."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

"माझा हात वर जात नाही, बाई."

कोणीतरी हार उचलला, कोणीतरी दुसऱ्या बाईंना पुढे बोलावलं. मागून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, यांची सून तर हाताचे व्यायामच शिकवते ना. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. सगळे हात जोडून वंदना म्हणत होते. आईंनी डावा हात उजव्या हातापाशी खाली, पोटाजवळ नेला आणि तिथेच दोन्ही हात जोडले.

घरी आल्यावर मी त्यांना पलंगावर बसवलं आणि पदर काढला. ब्लाउजची उजवी बाजू काखेपासून खालपर्यंत उसवलेली होती आणि तीन सेफ्टी पिनांनी जोडलेली. बाहीत हात घालता येईना म्हणून त्यांनी ती स्वतःच कात्रीने उसवली होती. बाकीच्या ब्लाउजचंही तेच. गाऊन पायातून वर ओढून घेता यायचा, म्हणून गाऊन. मी त्यांचा हात धरून बाहेर फिरवायला गेले तर तो फिरेचना. वर न्यायला गेले तर हाताबरोबर सगळा खांदा उचलला गेला आणि मान वाकडी झाली. असे खांदे मी दिवसातून चार बघत होते. चार पावलांवरून, दारातून आत येतानाच ओळखत होते.

"किती दिवस झाले?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

कसं झालं विचारलं तर म्हणाल्या, झोपेत अवघडला. माझे पेशंटही हेच सांगत. मी जमिनीवर त्यांच्यासमोर बसले आणि पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगितलं, वर्गात धडा समजावून सांगतात तसं, सगळं क्रमाने.

डिसेंबरच्या शेवटापासून पंधरा दिवस धुकं होतं. आमच्या घरात तसंही ऊन यायचं नाही. मुलीचा खोकला जात नव्हता. एक दिवस दुपारी खाली मोकळ्या जागेत ऊन पडलेलं त्यांना खिडकीतून दिसलं. त्या मुलीला घेऊन खाली गेल्या आणि तासभर उन्हात बसल्या. वर येताना दुसऱ्या मजल्यावर नव्या प्लॅस्टरवर मजुरांनी पाणी मारलं होतं, पायरीवर ओल होती. मुलगी डाव्या कडेवर. पाय घसरला. तिथे कठडा नव्हता. उजवा हात सळईवर पडला आणि त्यांनी ती धरली. अंग खाली गेलं, हात वर राहिला. सगळा भार, दोघींचा, त्या एका हातावर आला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला. डावा हात त्यांनी सोडला नाही. मुलीला खरचटलंसुद्धा नाही.

"पोरगी रडायची थांबेपर्यंत मी पायरीवर बसून राहिले," त्या म्हणाल्या. "मग आलो आम्ही वर."

"मला का नाही सांगितलं?"

"तू माफ करणार नाही म्हटलं होतंस."

हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. मी विचारलं म्हणून उत्तर दिलं. आणि तेव्हा मला आठवलं, त्या जानेवारीत एका संध्याकाळी मी दवाखान्यातून येऊन चपला काढत होते आणि मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "आजी गिर गई." तिच्या बोलण्यात हिंदी फार यायला लागलं होतं, मला त्याचा राग यायचा. मी म्हटलं, "गिर गई नाही, पडली म्हणायचं. आजी पडली." तिने दोनदा म्हणून दाखवलं, आजी पडली, आजी पडली. मी शाबास म्हटलं आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी आईंना आमच्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्या कामाचं कौतुक करणारे, मला मानणारे गृहस्थ. त्यांनी तपासून विचारलं, कब की चोट है? मी पटकन म्हटलं, तीन हफ्ते. का म्हटलं ते सांगायची गरज नाही. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं, ते तोंडात तयारच होतं. डॉक्टर लिहायला लागले, आणि आई शांतपणे म्हणाल्या, "साढ़े चार महीने." डॉक्टरांनी पेन थांबवून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. नंतर आईंना बाहेर बसवून मला म्हणाले की आतला एक स्नायू फाटला असावा, त्यावर सांधा आवळला आहे. पहिल्या काही आठवड्यांत आल्या असत्या तर वेगळी गोष्ट होती. आता जे काही होईल ते व्यायामानेच, हळूहळू. "ये आपको मैं क्या बताऊँ," एवढंच ते शेवटी म्हणाले.

त्या रोज माझ्याबरोबर दवाखान्यात यायला लागल्या. बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसायच्या. मी कोठीवाल्या बाईंचा हात वर नेत असायची, त्यांना धीर देत असायची, बस थोडा सा, बिल्कुल ठीक हो जाएगा. एकदा आईंचा नंबर आला तेव्हा त्या झोपून छताकडे बघत म्हणाल्या, "तू इथं किती हळू बोलतेस."

मी शेकाची पिशवी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि वर टॉवेल नीट केला, मग पुन्हा नीट केला.

घरी मी दाराला पुली लावून दोरी बांधली. भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि त्यावर त्यांनी बोटं चढवायची, आज इथपर्यंत, परवा त्याच्या वर. डबे मी स्वतः खाली आणून ठेवले. त्यांचे केस मी विंचरायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी डोकं जरा बाजूला घेतलं, मग राहू दिलं. एका सकाळी मी मागे उभी राहून त्यांचा हात वर नेत असताना म्हटलं, "आई, माझं चुकलं." समोरून म्हणायचा धीर मला झाला नाही. त्या डोळे मिटून आकडे मोजत होत्या. सहा म्हणून झालं होतं. त्या म्हणाल्या, "सात."

वर्षभराने हात कपाळापर्यंत गेला. त्याच्या वर तो कधी गेला नाही. साडी नेसता यायला लागली, भाकरी थापता यायला लागली, अंबाडा मात्र नाही, मग त्यांनी केस कापून घेतले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्या म्हणाल्या, मी आता गावी जाते. हे खूप म्हणाले राहा म्हणून. मीही म्हटलं. त्या गेल्या आणि पुढची अकरा वर्षं गावीच राहिल्या, सुट्टीत आम्ही जायचो. नातेवाइकांत कोणी हाताबद्दल विचारलं की मी म्हणायची, काय करणार, आईंनी दुखणं लपवून ठेवलं. ह्यांनाही मी तेवढंच सांगितलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आई तिथेच बसलेल्या असायच्या.

त्या वारल्यावर गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यांच्या शाळेतल्या एक जुन्या शिक्षिका आल्या होत्या. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. त्या सांगत होत्या, दिल्लीहून परत आल्यावर मॅडम घरी मुलांना शिकवायच्या, भिंतीवर फळा लावला होता, उजवा हात वर पोचायचा नाही म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकल्या, अक्षर आधी वेडंवाकडं यायचं, मग छान झालं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं फार नाव घ्यायच्या त्या. म्हणायच्या, हात पार गेला होता, सुनेनं बरा केला."

मी म्हटलं, तसं नाही झालं ते. मी त्यांना जिना सांगितला, जेवताना बोललेलं वाक्य सांगितलं, साडेचार महिने माझ्या डोळ्यांसमोर तो हात होता आणि मी त्यांना केस विंचरा म्हणून रागावत होते हेही सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते, त्यामुळे मागचं पुढे, पुढचं मागे होत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"मॅडम म्हणायच्याच," त्या म्हणाल्या, "की स्वतःकडे मोठेपणा घेत नाही पोरगी."

आतून कोणीतरी त्यांना चहाला हाक मारली आणि त्या उठून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही.